वहिनीच्या विहिरीजवळची बोअर

बोअरवाल्याला सगळे बारकू म्हणत आणि तो होताही तसाच, फुंकर मारली तर उडेल असा. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. थोरल्या भावाच्या बायकोने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे भाऊही देवाघरी गेला. वहिनीने परसातल्या विहिरीच्या भरवशावर रोपवाटिका थाटली, दिराला बोअर मारायच्या गाडीचा धंदा लावून दिला आणि देवाचं नाव घेत दोघांचा संसार ओढला.

शेजारच्या माळावर नवी वसाहत झाली. तिथली बोअर बारकूनेच मारली. जागा वहिनीच्या विहिरीला फार जवळ आहे, हे त्याला दिसलं नव्हतं असं नाही. पण पोटुशी बायका बादल्या घेऊन जिने चढताना तो रोज पाहत होता. शिवाय काम दुसऱ्याने पळवलं असतं. त्याने मनाची समजूत घातली आणि गाडी लावली. पाण्याचा लोट उसळला तसं लोकांनी त्याला खांद्यावरच घेतलं. चिखलाने माखलेला तो वहिनीकडे गेला. तिने हसत टॉवेल पुढे केला. "पुण्याचं काम केलंस रे बारक्या!"

दुसऱ्या सकाळी तिच्या विहिरीवरची मोटार नुसती हवा ओढू लागली.

ती कडाकडा भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या विहिरीच्या तळाशी एक बोअर मारून दे. गाडी तर दारातच आहे."

बारकूने उताराकडे पाहिलं. तिथे परटाची विहीर होती. "नको गं वहिनी. परटाचं पाणी जाईल."

"अस्सं! माझं ओढताना हात थरथरला नाही आणि आता परटाचा कळवळा आला? बरं, या तुम्ही भाऊजी."

जन्मात तिने त्याला भाऊजी म्हटलं नव्हतं. 

संध्याकाळी तो वसाहतीच्या सेक्रेटरीसमोर उभा राहिला. "रोज दुपारभर बोअर बंद ठेवा, साहेब. शेजारी वहिनीची विहीर आटलीय."

"अहो, खणली तुम्हीच आणि बूच लावायलाही तुम्हीच?"

"जागा चुकली. चुकतेय हे मला कळत होतं."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

जमलेल्या बायकांतली एक म्हणाली, "गाड्या धुवायचा पाइप आधी काढा. बाकीचं सकाळी भरून ठेवू. कालपर्यंत आपणही घागरी घेऊन उभ्या होतोच की." बरीच हुज्जत झाली, पण दुपारी बोअर बंद राहू लागली.

विहिरीत पाणी आलं, पण गुडघाभरच. अर्धे वाफे जगतील एवढं. कुठले सोडून द्यायचे ते वहिनीने बोटाने दाखवलं. बारकू उकिडवा बसून रोपं उपटू लागला. वाळलेली भराभर निघाली. मग एक लिंबाचं रोप हाताला लागलं, पानं कोमेजलेली, पण मुळाशी माती अजून ओलसर.

त्याने वर पाहिलं.

"तेही," ती म्हणाली. "सगळ्यांना नाही पुरायचं."

त्याने ते उपटलं आणि पुढच्या रोपाला हात घातला.