चांदा जिल्ह्याचा समुद्रकिनारा

आमच्या चांदा जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट मी कधीच मान्य केलेली नाही.

माझे मामा मुंबईला टपालखात्यात तीस वर्षं पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झाले आणि वसईला समुद्राजवळ घर पाहिल्याचं त्यांनी कळवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं! घर मामीसाठी होतं. चाळीतल्या एका खोलीत, नळाची पाळी सांभाळत संसार केलेल्या मामीने एकच गोष्ट मागितली होती: स्वतःची ओसरी आणि ओसरीतून दिसणारं पाणी. ठीक. पण त्यासाठी वसई काऊन? मुंबई सोडणारा जो तो किनाऱ्याकडे पळतो. मग आमच्याकडे गावोगाव तलाव भरून पडले आहेत ते काय शोभेला? मी तडक उत्तर लिहिलं, सतरा पानी. (मी ग्रामसुधारणेची पत्रकं लिहीत असे. मुद्द्याला हात घालायलाच मला सहा पानं लागत.) समुद्राचं पाणी पिता येतं का? त्यावर धान पिकतं का? समुद्राने आजवर एका तरी शेतकऱ्याचं भलं केलं आहे का?

मामांचं उत्तर कार्डावर आलं. मुद्दे वाचले. वसईचे घरमालक अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतील, तोवर तू घर शोध. मामीला पाणी दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर वसई.

भर भादव्यात मी ब्रह्मपुरीकडच्या एका गावी पोचलो. (गावाचं नाव सांगत नाही. माणसं भली आहेत, त्यांना त्रास नको.) खांद्याच्या पिशवीत माझं ताजं पत्रक होतं, तीनशे प्रती. मथळा ठळक: ‘खेड्याचे ऐका!’ शहरी शहाण्यांनी आता तोंड मिटावं आणि खेड्यातल्या माणसाला बोलू द्यावं, असं त्यात मी आठ पानं बोललो होतो.

आणि घर सापडलं! तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कौलारू, दणकट घर. एवढी लांबरुंद ओसरी की लग्नाची पंगत बसावी. पाणी थेट तिसऱ्या पायरीला लागलेलं आणि पलीकडचा काठ धूसर. दाराला मात्र कुलूप. चौकशी केली तर कळलं, मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हापासून घर गावाचं आहे आणि आत कोणीच राहत नाही. माझं रक्त तापलं. लोक चंद्रमौळी झोपडीत आणि असलं घर रिकामं?

तलावात मासेमारी करणाऱ्या ढीवरांचे वडीलधारे झिंगरूभाऊ म्हणाले, “ते घर राहाचं नाई जी.”

“काऊन? भूत आहे?”

“भूत नाई जी. त्याचं का हाय, का चैतात...”

मी तिथेच त्यांना थांबवलं. चैत, रिकामं घर, दबका आवाज! मला सगळं कळलं होतं. पारावर चढून मी अंधश्रद्धेवर दीड तास बोललो. झिंगरूभाऊंनी मधे दोनदा हात वर केला आणि दोन्ही वेळा मी त्यांना बजावलं की प्रश्न शेवटी. शेवटी मी विसरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. (तेव्हा मला तो विचारांचा विजय वाटला. आता वाटतं, एकदा नाही म्हटल्यावर जो दीड तास बोलतो त्याला दुसऱ्यांदा नाही म्हणायची त्यांना भीती वाटली.)

मामांना लिहिलं: समुद्र मिळाला, या.

ते चैत्रात आले. ब्रह्मपुरीहून बैलबंडी केली. मामी पुढे, बंडीवानाच्या मागेच बसली, पाणी आधी दिसावं म्हणून. पाळ जवळ आली तसं मी दोघांना डोळे मिटायला लावले, हात धरून ओसरीवर चढवलं आणि म्हणालो, “आता उघडा.”

समोर नजर पोचेल तिथवर भेगाळलेली माती होती. मधोमध एक डबकं. डबक्यात चार म्हशी.

मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “ओहोटी आहे का रे?”

पाणी धानाला गेलं, आणि हाच तर माझ्या पत्रातला सातवा मुद्दा होता, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मामांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, “भरती कधी?”

“आषाढात.”

मामी ट्रंक न उघडता तिच्यावरच बसून राहिली. रागावली असती तर मला चार मुद्दे मांडता आले असते, पण गप्प बसलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा? मामांनी बंडीवानाला दुसऱ्या दिवशी दुपारी यायला सांगितलं. अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर होती.

सकाळी उठून पाहतो तर अख्खं गाव चिखलात! जाळी, टोपल्या, बायका, म्हातारे, सगळे. मला वाटलं, मामामामींना निरोप द्यायला आले. दुपारी ते सगळे पायऱ्या चढून वर आले आणि कोणाला न विचारता टोपल्या ओसरीवर रिकाम्या करू लागले. हाताएवढ्या मरळी उड्या मारू लागल्या! मामा जन्माचे शाकाहारी. मुंबईत मासळीबाजार टाळायला दोन गल्ल्या फिरून जाणारे. ते ट्रंकेवर उभे राहिले. एक मरळ त्यांच्या पूजेच्या तांब्याशी जाऊन आदळली.

मी झिंगरूभाऊंवर कडाडलो. ते शांतपणे टोपली झटकत म्हणाले, “हेच तं सांगून राह्यलो होतो जी भादव्यात. तलाव आटला का मासोळी इथीच वाटतेत, बापजाद्यापासून. म्हनून कोनी रायत नाई. तुमी म्हनलं, सवाल शेवटी.”

मग वाटणी सुरू झाली. घरटी एक ढीग. एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुसरा एखाद्या ढिगाला हात लावून विचारणार, “हा कोनाचा?” आणि भिंतीकडचा न बघता नाव घेणार. रीत न्यायाची, पण भिंतीकडच्याचाही एक ढीग त्यातच असतो. तिसऱ्याच ढिगाला ‘याने तिरपं पाहिलं’ म्हणून भांडण पेटलं. एक नाव दोनदा घेतलं गेलं, एक राहूनच गेलं. मामा ट्रंकेवरून ऐकत होते. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, वासाने भोवळ येते आहे. तसं नव्हतं. तीस वर्षं पत्रांची वर्गवारी केलेल्या माणसाला ती अव्यवस्था सोसवत नव्हती.

“घरं किती?” त्यांनी वरूनच विचारलं. “मला नावं सांगा. एकदाच.”

नावं ऐकून ते खाली उतरले, धोतर वर खोचलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“बाबाजी, मासोळी खाता का तुमी?” झिंगरूभाऊंनी विचारलं.

“नाही.”

भांडणारे मागे सरले. ज्याला वाटा नको आणि गावात ज्याचं कोणी नाही, असा माणूस त्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या मिळाला नव्हता! मामांनी एका दमात सगळ्या ढिगांना नावं दिली. ना एक राहिलं, ना एक दोनदा आलं. भांडायला काही न उरल्याने दोघं तिघं हिरमुसले.

बंडी पाळीखाली येऊन उभी राहिली. झिंगरूभाऊ हात जोडून म्हणाले, “पुढच्या चैतालेही तुमीच जी.”

मामांनी मामीकडे पाहिलं. ती कधीच उतरून खालच्या पायरीवर, चिखलात पाय सोडून, बायकांमध्ये बसली होती. पाणी कुठवर चढतं ते एकीने तिला पायरीवर बोटाने आखून दाखवलं होतं आणि मामी त्या रेषेवर हात ठेवून होती.

“आषाढापर्यंत थांबू,” ती म्हणाली. “वसईला लिहून टाका.”

बंडीत मी एकटाच बसलो. निघताना दिसलं, बायका वाटे बांधायला पळसाची पानं शोधत होत्या. मी उदार मनाने पिशवीतली उरलेली पत्रकं काढून दिली. झिंगरूभाऊंनी एक बोटांत चाचपून पाहिलं.

“कागद वला झाला का फाटते जी. पान बरं.” मग उलटंसुलटं करत त्यांनी विचारलं, “का लिवलं हाय यावर?”

मी मथळ्याकडे पाहिलं.

“काही नाही, झिंगरूभाऊ,” मी म्हणालो. “पानंच बरी.”