पश्चिमेची भिंत

आमच्या लालबागच्या खोलीत पावसाळा म्हणजे पेज. बाबा गवंडी होते. मुंबईबाहेर समुद्रातल्या एका बेटावर दीपगृहाची आणि तिथल्या राखणदाराच्या घराची डागडुजी करायचे. समुद्र खवळला की काम बंद, आणि काम बंद की मजुरी बंद. अकरा वर्षं रोजंदारी. कायम झाले असते तर पावसाळ्यातही पगार आला असता. त्या वर्षी दीपगृह खात्याच्या साहेबांनी शब्द दिला, "राखणदाराच्या घराची पश्चिमेची भिंत पावसाच्या आत नीट करा, तुमचं नाव मी वर पाठवतो."

मी बी.एस्सी.ची परीक्षा देऊन चैत्रात बाबांच्या हाताखाली गेलो. बेटावर एक झाड नाही. वारा असा की चुन्याचं घमेलं उचललं की निम्मा चुना तोंडावर. माझ्या प्राध्यापकांनी दुर्बीण देऊन सांगितलं होतं, परतीला निघणारे पक्षी रोज टिपून ठेव. खडकावर कुरव हे समुद्रपक्षी बसायचे, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. हिवाळ्यात त्यांची डोकी पांढरी असतात. उन्हाळा लागला की काळपट होतात, आणि मग ते जातात. मी रोज सकाळी ती डोकी बघायचो.

"काय कॉलेजवाले, आज किती कोंबड्या?" राखणदार विचारायचा. बाबांना ते आवडत नसे. "ता शास्त्र आसा," ते तोऱ्यात सांगायचे. जुनी भेग बुजवण्याआधी ते तिच्यावर थापीने तीनदा ठोकायचे आणि थांबायचे. आत पारवा असला तर बाहेर येऊ दे म्हणून. मला तो वेळेचा अपव्यय वाटे, आणि तसं मी बोलूनही दाखवलं होतं.

भिंतीचा गिलावा पुरा झाला त्याच दिवशी, मुंबई मराठी राज्यातच हवी म्हणून, मुंबईत हरताळ सुरू झाला. ओल्या गिलाव्यावर सात दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर तो तडकतो. गोडं पाणी बोटीने पिंपांतून यायचं. धक्का बंद, बोट नाही. बाबा रागावले नाहीत. "हरताळ व्हयोच. मुंबय आपली," म्हणाले. तिसऱ्या दिवशी एकच पिंप उरलं, तेही पिण्यापुरतं.

बाबा समुद्राकडे बघत उभे होते. त्यांना आतून नको वाटत होतं, हे मला आता कळतं. त्यांनी मला विचारलं, "खारा पाणी मारून चलात काय रे? तू शिकलेलो."

मला पाणी मारण्यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायला जीभ उचलेना. मी म्हटलं, "न चालायला काय झालं? हा खडक कायम खाऱ्या पाण्यातच उभा आहे ना?"

"तुका कळता," बाबा म्हणाले आणि बादली घेऊन खाली उतरले. चार दिवस त्यांनी समुद्राच्या बादल्या वर चढवल्या. मी दुर्बीण लावून बसलो. शेवटच्या सकाळी खडक रिकामा होता. कुरव गेले होते. तारीख मी वहीत अधोरेखित केली.

दोन आठवड्यांनी भिंत वाळली आणि मीठ फुटलं. आधी पांढरी भुकटी, मग पापुद्रे. हात लावावा तिथे गिलावा गळायचा. साहेब बोटीतून उतरले, त्यांनी भिंतीवर बोट घासलं आणि जिभेला लावलं.

"खारं पाणी? अकरा वर्षं काम करून? कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी तिथेच उभा होतो, तीन हातांवर.

"कोणी नाय साहेब. चूक माझी," बाबा म्हणाले.

मी गळलेला गिलावा घमेल्यात भरू लागलो.

परतीच्या बोटीत बाबा धक्का दिसायला लागल्यावर म्हणाले, "घराकडे सांगू नको. आवशीक तुझो अभिमान आसा."

प्राध्यापकांनी माझी वही वर्गात दाखवली म्हणे. मला ते नंतर कुणीतरी सांगितलं. बाबांचं नाव वर गेलं नाही, पुढेही कधी गेलं नाही. गुडघे गेले तोवर ते रोजंदारीवरच होते. आई गेली तोवर तिला काही कळलं नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये निकाल लागला. मी बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यातला पहिला.