मासा धरून तिघं

कवळ्या करणाऱ्याला मान नसतो असं नाही. पण ज्याच्या तोंडात त्यानं दात बसवले, तो चारचौघांत त्याला ओळख दाखवत नाही. म्हणून असेल, आपल्या कवळीवाल्यानं स्वतःची वेगळी ओळख काढली होती. तो समुद्रात मोठा मासा धरायला जाणार होता. जाणार होता, म्हणजे गेली कित्येक वर्षं जाणारच होता. सगळे त्याला कप्तान म्हणत, आणि त्यातली खोच न कळल्यामुळे तो खुशीत मान डोलवी.

दीपस्तंभाच्या पलीकडं पाण्याखाली एक लांबलचक खडक होता. त्याच्या कपारीत गोबरे राहतात, म्हणजे ज्यांचं नुसतं तोंडच बादलीएवढं असे मासे. कप्तानानं कुठून तरी नकाशा पैदा केला आणि कवळ्यांच्या प्लास्टरमध्ये तो अख्खा खडक जेवणाच्या टेबलावर ओतला. हात जन्मभर एकाच कामाला बसलेला, त्यामुळे खडक हुबेहूब खालच्या जबड्यासारखा झाला. इकडं दाढा, तिकडं सुळा. तेव्हापासून घरात ताटं मांडीवर आली. मग हिरड्यांच्या गुलाबी प्लास्टिकमधून त्यानं खोटे मासे घडवले आणि त्यांच्या पोटात गळ बसवले.

"गुलाबी मासा बघितलायस कधी?" मेकॅनिकनं विचारलं. हा कप्तानाचा लहानपणापासूनचा दोस्त, होडी याचीच. "गोबरा हसून हसून मरायचा."

"मरू दे की! मेला तरी आपलाच."

कप्तानाची बायको दिवसभर दुकानात कवळ्या घासून चकचकीत करी आणि घरी येऊन त्या प्लास्टरच्या खडकाची धूळ काढी. जुन्या ब्रशनं, फटीफटीतून. खडकाची खाच न् खाच तिच्या हाताला पाठ झाली होती. एकदा ब्रश झटकता झटकता ती म्हणाली, "अहो, मलाही न्या की. मासाबिसा नको मला. इतकी वर्षं याची धूळ काढतेय, एकदा खराखुरा बघू तरी द्या."

"नेतो म्हणजे काय! तुझी जागा पक्की समज."

तिनं ते मनावर घेतलं. दुकानात कवळी न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ती सांगू लागली, "आम्ही जाणार आहोत हं खडकावर." आजवर तिनं कुणाला स्वतःहून काही सांगितल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आणि मग अगदी निघायच्या आदल्या दिवशी कप्तान वजनं मांडायला बसला.

"सामानासकट होडीत तीन माणसं," मेकॅनिक म्हणाला. "त्यावर एक मांजरसुद्धा नको. भर खडकावर लाटा उलट्या फुटतात."

"मग बरोबर. तू, मी आणि मासा."

"आणि वहिनी?"

"तिथंच तर घोडं अडलंय."

"अरे बाबा, मासा अजून समुद्रात आहे!"

"म्हणून त्याला धरायचाच नाही? आयत्या वेळी त्याला काय सांगू, उभ्यानं चल म्हणून? नियोजन म्हणतात याला!"

संध्याकाळी त्यानं बायकोला समजावलं. तिला वगळलं असं नाही, माशाचं वजन तेवढंच भरतंय, त्याला तो तरी काय करणार? पुढच्या खेपेला नक्की. ती नुसतं "बरं" म्हणाली. या घरात तिच्या तोंडून हा शब्द इतका झिजला होता की कप्तान निर्धास्त घोरला.

सकाळी धक्क्यावर येऊन बघतो तर ही होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला बसलेली. डोक्याला रुमाल, मांडीवर डबा.

"अगं, काल आपलं काय ठरलं?"

"मासा येताना बसणार ना? जाताना त्याची जागा रिकामीच आहे. तेवढ्यात मी बसते."

"आणि येताना?"

"येताना त्याला जागा लागली, तर उतरेन मी."

मेकॅनिकनं तोंड फिरवून इंजिनाला दोरी मारली. हिशोबात चूक कुठं आहे ते कप्तानाला शोधूनही सापडेना. निघाले.

दीपस्तंभ मागं पडला तसा कप्तान हिरवा झाला आणि त्याची सगळी न्याहारी समुद्रात गेली. बायको मात्र काठावरून वाकून खाली बघत होती. पाणी काचेसारखं होतं.

"अगंबाई, ही ती डावीकडची फट! इथंच माझा ब्रश अडकायचा." ती लहान पोरीसारखी हसली. "किती खोल आहे हो! आणि जांभळा आहे हा. तुम्ही तर पांढराफटक केला होतात."

कप्तान तोंड पुसत काही बोलणार, तोच त्याची गळाची काठी धनुष्यासारखी वाकली. गुलाबी मासा कुणीतरी खरोखरच गिळला होता. दोघा दोस्तांनी घाम गाळून, शिव्या घालून, हाताची सालटं काढून ते धूड वर आणलं. गोबराच होता, दोघांना मिळून उचलायला जड जाईल असा. त्याच्या एका हिसक्यासरशी होडी कलली आणि घोट्याएवढं पाणी आत आलं.

"कप्तान, लवकर बोल!" मेकॅनिक डबड्यानं पाणी उपसत ओरडला. "हा आत आला तर आपण सगळे बाहेर!"

बायकोनं डबा बाजूला ठेवला आणि चप्पल काढली. "बोलल्याप्रमाणं उतरू का?"

ती चेष्टा करत होती की खरंच विचारत होती, हे मेकॅनिकलाही आजतागायत सांगता येत नाही.

कप्तानानं सुरी घेतली आणि गळाची दोरी, तो ताणलेला तंगूस, कापला. गोबरा शेपटीचा एक फटका मारून कपारीत गेला. होडी सरळ झाली. परतताना मेकॅनिक मुद्दाम गाणं गुणगुणत होता, बायको पाण्याकडं तोंड करून बसली होती. बंदर दिसायला लागलं तसं कप्तानाला राहवेना.

"अगं, कापला ना मी?"

"कापलात हो."

"मग?"

"आधी माशाकडं बघितलंत. मग माझ्याकडं. ते ठीक." तिनं रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. "पण त्यानंतर परत एकदा माशाकडं कशाला बघितलंत?"

कप्तानानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि मग इंजिनाचा आवाज फार होतोय, काही ऐकू आलं नाही, असं दाखवत धक्क्याकडं बघत राहिला.