नकाशावरचा गोल

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या गुन्ह्यात पंच कोण होते, कोणता आरोपी कुठल्या गावचा, हे आठवायला वेळ लागतो. एक प्रकरण मात्र तसे झालेले नाही. त्यातली माणसे, त्यांचे शब्द आणि त्यात माझा स्वतःचा वाटा, हे सगळे अजून जसेच्या तसे आहे.

तेव्हा मी रत्नागिरीत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. गणपती आठ-दहा दिवसांवर आले होते. मंडळांच्या परवानग्या, बंदोबस्त, चाकरमान्यांच्या गाड्यांसाठी हायवेवरची व्यवस्था, यात सगळे ठाणे बुडालेले होते. सकाळची हजेरी घेऊन मी बाहेर आलो, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी साठीची एक बाई उभी होती. डोक्यावरून ओढणी घेतलेली, हातात रिकामी कापडी पिशवी. अंमलदार तिला समजावत होता, "अहो, चोवीस तास तरी जाऊ द्या. मोठी बाई आहे. गेली असेल गणपतीला माहेरी."

"तिला म्हायेर नाय," बाई म्हणाली. "आणि ती मला न सांगता दुकानात पन जात नाय."

चोवीस तास थांबण्याचा नियम कुठेही लिहिलेला नाही, तरी तो प्रत्येक ठाण्यात ऐकू येतो. मी बाईंना आत बोलावले. मिरजोळ्यात त्यांचे घर. नवरा बोटीवर, दोन्ही मुलगे आखातात. आळीत सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत, मीही तसेच म्हटले. मागची खोली त्यांनी दीड वर्षापूर्वी एका बाईला भाड्याने दिली होती. ती जवळच्या काजू कारखान्यात कामाला जायची. पाचला सुटायची आणि साडेपाचला दारात यायची. आदल्या दिवशी आली नाही. फोन बंद होता.

"नवऱ्याला सोडून आलीय, सायेब. चिपळूणच्या बाजूचा हाय तो. टेम्पो चालवतो. लय मारायचा." खालांनी हातातल्या पिशवीची घडी घातली. "माझी पोरगी नाय ती, पन माझ्या पोरांपेक्षा जास्त बोलली माझ्याशी."

मी फोटो मागितला. त्यांच्याकडे एकही नव्हता. ती कुणाला फोटो काढू देत नसे. मी हरवल्याची नोंद करून घेतली आणि एका महिला हवालदारांना बरोबर घेऊन कारखान्यात गेलो.

काजू सोलणाऱ्या बायकांची बोटे टरफलाच्या चिकाने काळी पडलेली असतात. तिच्या शेजारी बसणारी बाई ती बोटे पदरात लपवत आमच्याशी बोलली. ती म्हणाली, "चार दिवस ती घाबरलेलीच होती. मीच तिला मोबाईलवर दाखवलं, बघ गं, तू जाहिरातीत आलीस. मला वाटलं हसेल. तिने मोबाईल पालथाच घातला."

"कसली जाहिरात?"

"बाजारातल्या भांड्याच्या दुकानाची. तिला सोडतीत कुकर लागला होता ना."

त्या क्षणी मला काहीतरी आठवायला हवे होते. आठवले नाही.

दुकानदार चांगला माणूस होता, हे आधीच सांगतो. वडिलोपार्जित धंदा, बोलणे गोड, दरवर्षी आमच्या बंदोबस्तावरच्या पोरांना चहा पाठवणारा. मी जाहिरात विचारली तर उत्साहाने सांगू लागला. "साहेब, पूर्वी आपण रिक्षावर भोंगा लावून फिरवायचो. आता ते नको. फोनवर नकाशा येतो, त्यावर आपल्या दुकानाभोवती गोल काढायचा. त्या गोलात जो माणूस येईल त्याच्या फोनवर आपली जाहिरात दिसते. गावातला असो नाही तर वाटेवरचा."

"गोल केवढा काढला होता?"

"हातखंब्यापर्यंत धरला. हायवेचं गिऱ्हाईक मिळतं."

त्याने मला व्हिडिओ दाखवला. श्रावणातल्या सोडतीचा. दुकानासमोर मांडव, खुर्च्या, माईक. सुती साडीतली एक सडपातळ बाई पुढे येते. कॅमेरा जवळ येताच पदर तोंडावर ओढून वळते. तेवढ्यात कुकर हातात घेतलेला प्रमुख पाहुणा हसून तिला काही म्हणतो. ती थबकते, पदर खाली करते, कॅमेऱ्याकडे बघते आणि कसेबसे हसते.

प्रमुख पाहुणा गणवेशात होता. तो मी होतो.

मी तिला काय म्हणालो होतो तेही व्हिडिओत ऐकू येत होते. "अहो ताई, घाबरता कसल्या? पोलीस शेजारी उभा आहे."

बरोबरच्या हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. मी दुकानदाराला विचारले, ती बाई नंतर इथे आली होती का?

त्याचा चेहरा उतरला. "आली होती. काढून टाका म्हणाली. मी म्हटलं, ताई, आठवडाभराची जाहिरात घेतलीय, गणपतीच्या आधी काढून कसं चालेल? चांगलीच दिसतेयस की. गेली मग काही न बोलता."

"आणखी कुणी तिची चौकशी केली?"

गल्ल्यापाशी बसलेली त्याची बायको पुढे आली. दुकानाच्या फोनवरचे निरोप तीच बघायची. तिने फोन माझ्यापुढे धरला. तीन दिवसांपूर्वी एका अनोळखी नंबरावरून निरोप आला होता. जाहिरातीतली ताई माझी बहीण आहे, आम्ही दोन वर्षे शोधतोय, आई आजारी आहे, गणपतीला घरी न्यायची आहे. त्याखाली दुकानाचे उत्तर होते. सोडतीच्या कुपनाचाच फोटो. त्यावर तिच्या अक्षरात नाव, मोबाईल, राहण्याचा पत्ता, कामाचे ठिकाण. खालांच्या घराची खूणही तिने लिहिली होती, बक्षीस घरपोच मिळावे म्हणून.

"मला वाईट वाटलं हो," ती म्हणाली. "बहीणभावाची ताटातूट झालीय असं वाटलं. आपल्या हातून भेट होतेय..."

फोनचा पंचनामा करून मी ठाण्यात परतलो. तो नंबर नवऱ्याचाच निघाला. चिपळूणकडच्या सहकाऱ्यांना कळवले. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरून उचलून आमच्याकडे पाठवले. टेम्पो दारातच उभा होता, ती मात्र घरात नव्हती. तिला बेपत्ता होऊन आता चाळीस तास होत आले होते. पोलिसाच्या मनात अशा वेळी काय येते ते लिहायची गरज नाही.

माणूस उंच, शांत, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मारकुटे नवरे दिसायला राक्षस असतात अशी लोकांची समजूत असते. मी पाहिलेले बहुतेक जण चारचौघांत नम्र होते.

"माझी बायको आहे, साहेब," तो म्हणाला. "तिला भेटायला गेलो. यात गुन्हा कसला?"

"कुठे भेटलात?"

"कारखान्याबाहेर. बोललो, नाही म्हणाली, मी निघालो. मिरजोळ्याहून हातखंबा, तिथून सरळ चिपळूण. कुठे थांबलो नाही."

"तिचा ठावठिकाणा कसा लागला?"

यावर तो पहिल्यांदाच मनापासून बोलला. "मी शोधत नव्हतो, खरं सांगतो. सोडून दिलं होतं. हातखंब्याला चहाला थांबलो, सहज फोन काढला, तर तीच समोर. कुकर घेऊन हसत होती." मूठ आवळली गेली होती, ती त्याने टेबलाखाली नेली. "माझ्या घरात कधी हसली नाही."

मी तासभर तेच तेच प्रश्न उलटसुलट विचारले. हात उगारला नाही. मार खाऊन माणूस काहीही सांगतो, आणि मला काहीही नको होते, एक जागा हवी होती. तो हलला नाही. कुठला रस्ता, कुठले वळण, कुठे पाऊस लागला, सगळे पाठ होते. मला तेच खटकत होते. रोज गाडी चालवणाऱ्याला नेहमीचा रस्ता इतका बारकाईने आठवत नाही.

मला उत्तर मिळाले ते हवालदार बाईंमुळे. त्या पलीकडच्या टेबलावर पंचांसमोर त्याचा फोन तपासत होत्या. फोनची यादी त्याने साफ केली होती, निरोप पुसले होते. बाईंनी मात्र आदल्या दिवशी भांड्याच्या दुकानात जे ऐकले होते ते लक्षात ठेवले होते. माणसांचे निरोप सोडून त्या फोनवर आपोआप येऊन पडलेल्या जाहिराती बघू लागल्या. थोड्या वेळाने फोन घेऊन माझ्याकडे आल्या. "साहेब, हा लांज्याला कधी गेला?"

एका टायरच्या दुकानाची जाहिरात होती. लांज्यातल्या. 'आपण आमच्या अगदी जवळ आहात. टायर तपासणी मोफत.' वेळ ती बेपत्ता झाली त्या संध्याकाळची, साडेसहाची. हातखंब्याहून चिपळूण उत्तरेला आणि लांजा दक्षिणेला. कुणी ती जाहिरात त्याच्यासाठी म्हणून पाठवली नव्हती. तो त्या दुकानाच्या गोलात शिरला होता, इतकेच.

मी फोन त्याच्यापुढे ठेवला. "लांज्यात काय काम होते?"

त्याने वाचले. पुन्हा वाचले. मग पाणी मागितले. पाणी पिऊन त्याने पेला टेबलावर ठेवला आणि तो म्हणाला, "काजूची शेड आहे. माझ्या ओळखीच्या माणसाची. हंगाम नाही, बंद असते."

"जिवंत आहे?"

"मी निघालो तेव्हा होती."

लांज्याच्या ठाण्याला फोन केला आणि आम्हीही निघालो. शेड हायवेपासून आत, कातळावर होती. आजूबाजूला वस्ती नव्हती. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे ऊन पडले होते आणि लांज्याचे सहकारी वाट शोधत नुकतेच पोहोचून पंचांसमोर कुलूप तोडत होते. ती रिकाम्या गोणपाटांवर भिंतीला टेकून बसली होती. हात मनगटाशी बांधलेले, त्यातला एक सुजून विचित्र वळलेला, ओठ फाटलेला. गणवेश पाहून तिने उठायचा प्रयत्न केला नाही. हवालदार बाईंनी दोरी सोडली, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तिला मिठीत घेऊन तिथेच खाली बसल्या. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

जबाब रुग्णालयात घेतला. हात प्लास्टरमध्ये होता. आवाज खोल गेला होता, पण सांगणे स्पष्ट होते. कारखान्याबाहेर चाळीसेक बायका होत्या. ओरडली असती तर सगळ्या धावल्या असत्या. मग टेम्पोत का बसलात, असे हवालदार बाईंनी विचारले. नियमाने विचारावेच लागते.

"त्याने कुपनाचा फोटो दाखवला," ती म्हणाली. "म्हणाला, म्हातारीचं घर मला माहीत आहे. तू नाही आलीस तर आधी तिकडे जातो. खाला घरात एकटीच असते."

बाईंचे लिहिणे थांबले. नंतर जबाब पूर्ण झाला, वाचून दाखवला, तिने डाव्या हाताने सही केली. मी निघायला हवे होते. मला निघवेना.

"त्या व्हिडिओत तुमच्या शेजारी मी होतो," मी म्हणालो.

"माहीत आहे, साहेब." तिच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. "तुम्ही होतात म्हणूनच मी पदर खाली केला."

काही वेळाने तिने विचारले, "ती जाहिरात अजून चालू आहे का?"

दुकानदाराने ती आदल्या दिवशीच काढली होती. पण लोकांनी ती एकमेकांना पाठवली होती, किती जणांनी ते कुणालाच ठाऊक नव्हते. मी तिला खरे ते सांगितले.

त्याच दिवशी मी वरिष्ठांना लेखी कळवले की या प्रकरणात मी स्वतः साक्षीदार ठरतो, म्हणून पुढचा तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा. माझाही जबाब झाला. अपहरण, डांबून ठेवणे, गंभीर दुखापत, अशा कलमांखाली दोषारोपपत्र गेले. ती न्यायालयात उभी राहिली, न अडखळता बोलली आणि नवऱ्याला शिक्षा झाली. दुकानदारावर लावायला कलम सापडले नाही. तो आणि त्याची बायको रुग्णालयात दोनदा गेले. दोन्ही वेळा तिने भेटायला नकार दिला. नंतर त्याच्या दुकानात कुपनावर फक्त नाव लिहून घेऊ लागले असे ऐकले. जाहिरात तो अजूनही करतो. करू नये असे मी म्हणत नाही, धंदा आहे. पण फोटो आवडीने काढून घेणाऱ्या हजार गिऱ्हाइकांत एखादी अशी असते की जी नको म्हणते, आणि तिला कारण विचारायचे नसते. हे शिकायला मला तेहतीस वर्षांची नोकरी आणि एका बाईचा मोडलेला हात लागला. गुन्हेगाराकडे मी आयुष्यभर संशयाने पाहिले. मांडवातल्या हसऱ्या, चांगल्या माणसांकडे, त्यात मीही आलो, तसे पाहायचे असते हे मला कुणी शिकवले नव्हते.

प्लास्टर निघाल्यावर तिने मिरजोळ्याची खोली सोडली. खालांनी तिचे सामान बांधून दिले. एकदा बाजारात खाला भेटल्या तेव्हा मी तब्येतीची चौकशी केली आणि पुढचा प्रश्न ओठांवर आला. खालांनी माझ्याकडे असे पाहिले की मी तो गिळला.

ती आता कुठे आहे हे मला माहीत नाही. शोधून काढायचे मार्ग मला चांगले ठाऊक आहेत. मी ते वापरलेले नाहीत.