रुमालाखालचा हात

आमच्या मुंजाजीच्या तोंडाकडं बघून कुणी त्याला हुशार म्हणणार नाही. मी तर नाहीच, त्याचं लग्न मीच जमवलंय. पण जिंतूरच्या बैलबाजारात दलाली करता करता त्याचा उजवा हात मात्र भलताच शहाणा झाला. आमच्याकडं जुनी माणसं बैलाचा भाव अजून तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालतात नि बोटं दाबून सांगतात. वर ऊनपावसाच्या गप्पा, खाली सौदा. अशी बोटं धरून धरून मुंजाजीला कळायला लागलं, की खोटं बोलणाऱ्याचं बोट आतून उडतं. कसं कळतं विचारलं तर म्हणायचा, "मला कुठं कळतंय? हाताला कळतंय."

हीच विद्या त्यानं तीन पत्तीत आणली. डाव चढला की तंबाखू मळायचा आणि तळहात पुढं करायचा. समोरच्यानं चिमूट उचलताना बोट टेकलं, की पानं खरी का नुसती हवा, ते याला समजायचं. लोकांना वाटायचं, काय दिलदार माणूस आहे!

त्या वैशाखात तो बैलाला खुरांना पत्र्या ठोकायला बाजारात घेऊन आला. बैल पार्वतीबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. येलदरीच्या माहेराहून गोऱ्हा असताना आणलेला, तिच्या हातचं खाऊन वाढलेला. "पत्त्यात काय बी घाला, पर माजा बैल लावला तर मी येलदरीला जाईन, परत येनार न्हाई," हे तिनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बजावलं होतं. बाई बोलते ते करते. एकदा रुसून गेली ती दिवाळी तिकडंच करून आली. तेव्हा मुंजाजीनं थापलेल्या भाकरी बैलानं हुंगून सोडल्या होत्या.

पत्र्या ठोकून झाल्या. बैल कडब्याच्या शेडबाहेर बांधून मुंजाजी "एकच डाव" म्हणत आत बसला. मी त्याच्या पाठीशी. समोर पूर्णेचा नागनाथ, रेल्वेतून रिटायर झालेला. बाकीच्यांनी पानं टाकली, हे दोघंच उरले. मुंजाजीकडं सत्ती, अठ्ठी, नव्वी, चांगली सलग पानं होती. पण नागनाथ चाल वाढवत गेला नि मुंजाजीचा खिसा रिकामा झाला.

"माजी पानं बघायची, शो मागायचा, तर पैशे टाका," नागनाथ म्हणाला. मग बाहेर बघून हळूच, "नसले तर बैल चालंल. का बैलाला इचारून येता, मुंजाभाऊ?"

सगळे हसले. मीही हसलो. मग बघितलं तर मुंजाजीच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो उठत नव्हता. तंबाखू मळत होता. हा खरंच बैल लावतोय का काय!

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पार्वतीबाई.

"घ्या की! वैनीला बी बसवू डावात," नागनाथ म्हणाला.

फोन वाजून वाजून गप झाला. मुंजाजीनं तळहात पुढं केला. नागनाथनं सावकाश चिमूट उचलली.

एरवी बोट टेकलं की मुंजाजी लगेच बोलायचा. आज तळहातावर विंचू बसल्यासारखा बघत राहिला.

"उडायलंय," तो माझ्या कानात म्हणाला.

"मग खोटाय की तो! माग शो."

"पर कुनाचं उडायलंय, काका? त्याचं का माजं?"

आजवर त्यानं इतके हात धरले, पण बैल कधी त्याचा नव्हता. दलालाचं काय जातं? त्याचा हात थंड असायचा, म्हणून दुसऱ्याची धडधड ऐकू यायची. आज बैल घरचा होता.

आणि त्या हातानंच पानं खाली टाकली. "पॅक" हे आपण म्हटलंच नाही, असं तो अजून शपथेवर सांगतो.

नागनाथनं आपली पानं उलटी करून दाखवली. दुर्री, पंजी, गुलाम. काही म्हणजे काही नाही! शेड हसून हसून दणाणली. मुंजाजीनं पानांकडं बघितलंही नाही. बाहेर गेला नि बैलाच्या मानेला धरून उभा राहिला.

मी त्याच्याबरोबर घरी गेलो. असला तमाशा कोण सोडतो?

पार्वतीबाईनं पाण्याचा तांब्या दिला. "पैशे?"

"गेले."

"बैल?"

"ह्यो काय, समोर हाय."

तांब्या देताना तिनं त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. "लावला व्हता का?"

"न्हाई."

"बोट उडायलंय तुमचं."

मी पायानं चप्पल चाचपायला लागलो.

"मनात आलं व्हतं ना?" तिनं विचारलं. त्यानं मान खाली घातली. तिनं एकदा बैलाकडं बघितलं, एकदा याच्याकडं. "आता पुढच्या बाजाराला दोगांस्नी मीच नेनार. एकाला ह्या हातात, एकाला त्या."