छातीपर्यंत बर्फात

आज सकाळी लंडनमधल्या हॅरो स्टेशनकडे जाताना, बर्फ जमू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारी लॉरी शेजारून गेली. गार हवेत डिझेलचा वास आला आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा स्कॉटलंडमधला एक डोंगर आठवला.

स्नोकॅटने, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या डिझेल गाडीने, आम्हा आठ जणांना स्कीइंगसाठी माथ्यावर सोडलं होतं. आमची गाइड मोराग सगळ्यांत पुढे आणि मी शेवटी. अर्ध्या उतारावर मी पडले आणि भुसभुशीत बर्फात छातीपर्यंत रुतले. हात टेकवावा तर तोही आत जाई. खालून मैत्रीण सुजाता ओरडली, "अगं, ऊठ ना!" मला रडूच फुटलं.

मोराग उतार चढून परत आली आणि शेजारी बसली. "आधी श्वास घे. मला काही घाई नाही," ती म्हणाली. मग तिने हातातल्या काठ्या बर्फावर आडव्या ठेवून त्यांवर भार द्यायला शिकवलं, आणि मी माझी मीच उभी राहिले.

तिला घाई नाही, हे मला तेव्हा खरंच वाटलं. पण ढग खाली उतरत होते, सात जण गारठत उभे होते. सगळ्यांत जास्त घाई तिलाच असणार. ती तिने माझ्यापर्यंत पोचू दिली नाही. त्या दिवशी थँक्यू म्हणताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.