आप्पांना कळलेलं फ्रेंच

गेल्या महिन्यात एका रविवारी आप्पांनी मला रंगेहाथ पकडलं... मी इथे सातासमुद्रापार वॉटर्लूला, ते तिकडे दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यात, तरीही!

मला इथे येऊन दोन वर्षं झाली. एक गोष्ट घरी कळू द्यायची नाही हे पथ्य मी कडक पाळत होते... मी इथे अगदी एकटी आहे, ही. यायचा हट्ट माझाच होता. आई रडली, आप्पांनी आठ दिवस अबोला धरला, तरी आले. मग आता कुठल्या तोंडाने सांगणार?

ऑफिसात सगळे छान आहेत. वीकेंड कसा गेला विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत कॉफी घेऊन निघून जातात. शुक्रवारी बेसमेंटमधल्या माझ्या खोलीत शिरले की सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. एकदा ग्रोसरीच्या काउंटरवर 'थँक यू' म्हणायला गेले तर आवाजच फुटेना... त्या दिवशी मी खरंच घाबरले.

म्हणून कम्युनिटी सेंटरच्या बोर्डवर दिसला तो पहिला क्लास लावून टाकला. फ्रान्सच्या रेड वाइन्स, सहा बुधवार. आजवर वाइनचा थेंबही चाखला नव्हता मी. पॉटरीचा असता तर मडकी केली असती. माणसं असली म्हणजे झालं.

आईला सांगितलं, फ्रेंचचा क्लास लावलाय. अर्धं खरंच होतं की! पण आईने लगेच गावभर केलं... पोरगी फ्रेंच शिकतेय, तिथे कायम राहायच्या पीआरला पॉइंट्स मिळतात म्हणे. आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

क्लासमध्ये सगळी जोडपी. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझा विंटर कोट. शिकवणाऱ्या बाई मात्र गोड होत्या, प्रत्येक बाटलीबरोबर ताटलीत ती द्राक्षं पिकतात तिथली मातीही ठेवायच्या. बोर्दोला नदीच्या एका काठाला खडी, तिथे काबर्ने सोव्हिन्यों... खडी तापते, पाणी धरून ठेवत नाही, म्हणून ही उशिरा पिकणारी जात तिथे नीट पिकते. पलीकडच्या काठाला गार चिकणमाती, तिथे मर्लो, तिची वाइन मऊ. बर्गंडीत चुनखडीवर पिनो न्वार. बोजोलेला ग्रॅनाइटचा भुगा आणि त्यात गामे.

बाकीचे ग्लास फिरवून 'चेरी', 'लेदर' असं काहीबाही म्हणायचे आणि घोट थुंकून टाकायचे. मला चारचौघांत थुंकवेना, मग गिळायचे आणि कान गरम व्हायचे. मी आपली चिकणमातीत पाणी घालून तिची वळी करून बघायचे... आप्पा करतात तशी. न तुटता लांब झाली की माती चिकण.

हे सगळं ज्यांना सांगावंसं वाटायचं ते एकच होते, आणि त्यांनाच सांगायची चोरी.

तर तो रविवार. आईने फोन स्पीकरवर टाकला, शेजारच्या काकू आल्या होत्या. 'फ्रेंचमध्ये काहीतरी बोलून दाखव गं!' मला काय येतंय, कप्पाळ! घाईघाईत बाईंच्या थाटात, नाकातून म्हटलं... काबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, सिरा, ग्रनाश.

काकू म्हणाल्या, किती गोड भाषा! आणि मागून आप्पांचा आवाज आला, 'अगं, ही तर द्राक्षं आहेत!'

मी विसरलेच होते. आमची बाग थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, पण मी पुण्याला होस्टेलवर होते तेव्हा आप्पांनी चार वर्षं वायनरीसाठी एक एकर काबर्ने लावून पाहिली होती. चांगली आली नाही म्हणून काढून टाकली.

आप्पा फोन घेऊन बाहेर गेले. 'पितेस का तू?'

'घोटभर, आप्पा. क्लासातच.'

मला वाटलं, आता पुन्हा अबोला. पण ते म्हणाले, 'जमीन कशी आहे त्यांची?'

मग काय, मी सांगतच सुटले. तिथे बहुतेक ठिकाणी वेलीला पाणी देत नाहीत, पावसावरच वाढवतात म्हटल्यावर त्यांना आधी पटेनाच. मुळ्या खोल जातात म्हटलं. मग आप्पा म्हणाले, 'आपण काळीत लावली ना, नुसता पाला माजला. मुरमाड तुकड्यात लावायला पाहिजे होती. चुकलंच माझं.' आप्पांच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी सहज विचारलं, 'क्लासला बरोबर कोण असतं गं?'

मैत्रिणी असतात, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मघाशीच एक खोटं उघडं पडलं होतं, दुसरं रेटायचं बळच नव्हतं. 'कोणी नाही, आप्पा. इथे मला कोणीच नाही.' आणि रडू फुटलं... दोन वर्षांचं.

आप्पा समजूत घालणाऱ्यांतले नाहीत. ते एवढंच म्हणाले, 'बुधवारी क्लास सुटला की फोन लाव. कुठली माती दाखवली ते सांग.'

उरलेले बुधवार बसस्टॉपवर कुडकुडत फोन लावला. गेल्या आठवड्यात क्लास संपला. हा बुधवार पहिलाच रिकामा... ऑफिसातून आले आणि कोटही न काढता पलंगावर बसून राहिले. सांगायला ना माती, ना द्राक्ष. आता कुठल्या निमित्ताने फोन करायचा?

आठ वाजता फोन वाजला. आप्पा स्वतः नंबर कधी लावत नाहीत, आई लावून हातात देते. आज त्यांनी लावला होता. तिकडे गुरुवार उजाडला होता, मागे पाखरांचा कलकलाट.

'तुझ्याकडे अजून बुधवारच आहे ना?'

'हो आप्पा,' मी म्हटलं. 'बुधवारच आहे.'